वृत्तपत्राचा वारसा आणि वर्गणीची बाकी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे खरे तर वसतिगृहाच्या आठवणी मागितल्या होत्या. त्या इतर सहकाऱ्यांनी आमच्यापेक्षा अधिक जिव्हाळ्याने लिहिल्या आहेत. आम्ही मात्र मंडळाच्या तिसऱ्या बैठकीत निघालेल्या एका प्रश्नाविषयी लिहिणार आहोत. त्या रात्री शाळेतून घरी परतताना तो प्रश्न आमच्याबरोबर आला आणि अजून गेलेला नाही.

प्रश्न जाहिरातीचा होता. या भागात निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या मालकांनी संपूर्ण रंगीत पानाची जाहिरात देऊ केली होती. साप्ताहिक त्यांच्या वडिलांनी काढलेले. छापखाना, जागा, दोन टेम्पो आणि वितरणाची एजन्सी असा सारा पसारा मुलाकडे आला, आणि आता मुलगा नगरपरिषदेच्या निवडणुकीस उभा राहण्याच्या तयारीत होता. जाहिरातीत साप्ताहिकाचे नाव तळाशी बारीक अक्षरांत होते. वर हात जोडलेले छायाचित्र. रक्कम मात्र अशी, की स्मरणिकेच्या कागदाचा बहुतेक खर्च एका पानात सुटावा. एक सदस्य म्हणाले, "सर, पैसा कोणाच्या खिशातून येतो हे पाहत बसलो तर स्मरणिका निघायची नाही." दुसरे एक माजी विद्यार्थी, आता वकील, त्यांनी उलट टोक गाठले : ज्याचे स्वतःचे पत्र आहे त्याला आपल्या पानावर कशाला बसवायचे? मग सगळे आमच्याकडे वळले. इतिहासाच्या शिक्षकाला लोक असे प्रसंगी विचारतात. निर्णय आधीच झालेला असतो, दाखला तेवढा हवा असतो.

दाखला आमच्याकडे होता, आणि तो अडचणीचा होता. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा त्या पत्राची जाहिरात, रीतसर पैसे देऊनही, 'केसरी'ने छापण्यास नकार दिला होता. हा प्रसंग आम्ही दरवर्षी ३१ जानेवारीला वर्गात सांगतो. मुलांचे चेहरे गंभीर होतात. आता कोणी पैसे देऊन आमच्याकडे आले असता आम्हीच नाही म्हणावे काय? आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली.

वृत्तपत्र काढणारा मनुष्य राजकारणात जातो, ही गोष्ट नवी नाही आणि आमच्या मते निंद्यही नाही. ज्याच्या हाती रोज लोकांची गाऱ्हाणी येतात, त्याला ती सभागृहात मांडावीशी वाटली तर नवल ते काय? गोष्ट खरी सुरू होते ती पुढच्या पिढीत. वडील मागे काय ठेवून जातात, आणि मुले त्यातले काय उचलतात?

आपल्या महाराष्ट्रात या वाटेचा सर्वांत ठळक दाखला यवतमाळच्या जवाहरलाल दर्डांचा. बेचाळीसच्या सुमारास तुरुंगवास भोगलेला हा तरुण. यवतमाळात १९१८ साली लोकनायक बापूजी अण्यांच्या काळात 'लोकमत' नावाचे साप्ताहिक निघाले होते. त्या नावाला दर्डांनी स्वातंत्र्यानंतर नवे जीवन दिले आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरातून ते दैनिक केले. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, ते विधान परिषदेवर गेले आणि नंतर अनेक मंत्रिमंडळांत निरनिराळी खाती त्यांनी सांभाळली. म्हणजे दैनिकाचे बाळपण आणि मालकाचे मंत्रिपद ही दोन्ही जवळपास बरोबरच वाढली. १९८२ साली औरंगाबादची आवृत्ती निघाली, पुढे हिंदी आणि इंग्रजी पत्रे आली. जवाहरलालजी १९९७ साली गेले. थोरले चिरंजीव विजय दर्डा १९९८ पासून अठरा वर्षे राज्यसभेत होते. धाकटे राजेंद्र दर्डा १९९९ मध्ये विधानसभेवर निवडून आले आणि पुढे शालेय शिक्षणमंत्री झाले. त्या काळात आमच्या स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र उघडताना आम्ही नकळत प्रत्येक बातमी दोनदा वाचत असू : एकदा बातमी म्हणून, आणि एकदा मालकाच्या घरचे खाते ध्यानात ठेवून. कदाचित तो आमचाच संशयी स्वभाव असेल. पण वाचकाच्या मनात अशी दुसरी वाचणी उभी राहणे, हीच या वाटेची किंमत आहे.

एवढे म्हणून थांबलो तर मात्र आम्ही अप्रामाणिक ठरू. मुंबई-पुण्याची पत्रे जिल्ह्यांकडे दुरून पाहत असताना या पत्राने तालुक्याची बातमी तालुक्याच्या वाचकास सकाळी चहाबरोबर पोचवली. गावच्या यात्रेची, विहिरीच्या भांडणाची, शाळेच्या निकालाची बातमी छापली गेली, की ते गाव पत्र विकत घेते, हा हिशेब त्यांना कळला होता. आमचे मराठवाड्यातील एक नातलग सांगत, की त्यांच्या वस्तीतील मुलगा दहावीत पहिला आला तेव्हा जिल्ह्याच्या पानावर त्याचे नाव छापून आले आणि तो अंक वस्तीने विहारात चौकट करून लावला. कोणते पत्र होते ते आम्ही विचारले नाही. त्यांनाही ते महत्त्वाचे वाटत नव्हते. धंदा म्हणून का होईना, छापील शब्द वस्तीपर्यंत आला. हे आपल्या पत्रांना का साधले नाही, या प्रश्नाला आम्ही पुढे येतोच.

सगळेच वारसे अशा रीतीने फळत नाहीत. आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन रणधुमाळीत 'मराठा' काढला, पुढल्या वर्षी ते विधानसभेवर निवडून आले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अत्र्यांनी जे लिहिले आणि जे बोलले, ते आमच्या वडिलांच्या पिढीला मुखोद्गत होते. १९६९ साली अत्रे गेले. कन्या शिरीष पै यांनी पत्र सांभाळले, परंतु ते पुढे फार काळ चालले नाही. एका माणसाच्या लेखणीवर उभे राहिलेले पत्र त्या माणसाबरोबर झिजते. ठाकरे घराण्यात क्रम निराळाच : प्रबोधनकारांचे 'प्रबोधन' १९२१ चे, चिरंजीवांचे 'मार्मिक' १९६० चे, आणि 'मार्मिक'च्या वाचकांतून १९६६ मध्ये पक्षच जन्मास आला, 'सामना' १९८८ साली, पक्षाच्या पाठीमागून. तेथे वारशात पत्र आणि पक्ष वेगळे काढताच येत नाहीत. परदेशात पाहावे तर अमेरिकेतील हर्स्ट. खाणमालक वडिलांनी सॅन फ्रान्सिस्कोचे एक पत्र हाती घेतले, ते स्वतः सिनेटर झाले, आणि १८८७ साली पत्र मुलाकडे आले. मुलाने त्याचे साम्राज्य केले. १९०३ ते १९०७ तो प्रतिनिधीगृहात होता. न्यूयॉर्कचे महापौरपद आणि गव्हर्नरपद या दोन्ही निवडणुका मात्र हरला. लक्षावधी वाचक असूनही हरला, हे आमच्या साप्ताहिकाच्या मालकांना कोणी सांगावयास हवे होते. साम्राज्य अद्याप त्या घराण्याच्या ताब्यात आहे.

आता आमच्या घरचे.

बाबासाहेब हे वृत्तपत्र काढून राजकारणात उतरलेले पुरुष होते, असे वाक्य आपल्या कानांना खटकते, कारण आपण त्यांना त्या रांगेत कधी उभे करत नाही. परंतु कालक्रम पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांच्या साहाय्याने. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक म्हणून त्यांचे नाव नव्हते. १९२७ च्या आरंभी ते मुंबई विधिमंडळात बसले आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ३ मे १९२७ रोजी, ते आपल्या या बदलापुरात आले होते, शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून. बेलवलीच्या मुलांना हे आम्ही अगदी मुद्दाम सांगतो : महाडच्या चवदार तळ्यास दीड महिनाही झाला नव्हता, आणि त्या धामधुमीत हा मनुष्य उल्हास नदीच्या काठी शिवरायांवर बोलावयास आला. १९२८ मध्ये 'समता', २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता', १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे रूपांतर 'प्रबुद्ध भारत'. पत्र आणि पक्ष येथेही बरोबरच चालले आहेत. फरक मिळकतीत आहे.

'बहिष्कृत भारता'चे चोवीस रकाने त्यांना बहुतांशी एकट्याने भरावे लागत. पगारी संपादक नेमण्याइतका पैसा कधी जमलाच नाही. १९२८ च्या आरंभी त्यांनी पत्रावरचे ऋण उघडपणे वाचकांपुढे ठेवले. समाजावर या पत्राचे ऋण आहे की नाही, असा तो थेट प्रश्न होता. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १९२९ मध्ये, पत्र थांबले. 'भारत भूषण' छापखाना हीच काय ती मिळकत म्हणावी, तर १९४६ च्या दंगलीत तोही जाळण्यात आला. पुन्हा उभा केला. दादरला तो 'बुद्ध भूषण' झाला. चिरंजीव भैय्यासाहेब, म्हणजे यशवंतराव आंबेडकर, यांनी तो छापखाना आणि पत्र सांभाळले. ते १९६० ते १९६६ विधान परिषदेचे सदस्य होते; म्हणजे दुसरी पिढीही सभागृहात गेली. पण 'प्रबुद्ध भारत' १९६१ नंतर चालू शकले नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरच्या आंबेडकर भवनाबरोबर त्या छापखान्याची वास्तूही पाडली गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी लोकलने दादरला गेलो होतो. विटांच्या ढिगाऱ्यापाशी लोक वाकून काहीतरी वेचत होते. आमच्या शेजारच्या एका वृद्धाने उचललेली वस्तू आम्हांस दाखवली : साधा गंजलेला लोखंडी तुकडा, यंत्राचा की खिडकीचा, तेही कळेना. त्यांनी तो रुमालात बांधला. पुढील वर्षी १० मे रोजी प्रकाश आंबेडकरांनी 'प्रबुद्ध भारत' पुन्हा सुरू केले. तिसऱ्या पिढीकडे वारसा म्हणून आले ते पत्राचे नाव आणि वाचकांची आशा.

अशा वेळी आपले वक्ते एक शब्द वापरतात : त्याग. आम्हीही भाषणांत वापरला आहे. परंतु गेल्या काही वर्षांत तो उच्चारताना आमची जीभ अडखळते. त्याचे कारण घरचेच आहे.

आमचे आजोबा परळच्या गिरणीत बदली कामगार होते. त्यांना वाचता येत नसे. 'जनता' घरी येई आणि आमचे वडील, तेव्हा दहा-बारा वर्षांचे, चाळीच्या जिन्यावर बसून तो मोठ्याने वाचत. पुढे वडील अंबरनाथच्या आयुध निर्माणीत लागले आणि आम्ही इकडे आलो, तेव्हा अंकांनी भरलेली पत्र्याची पेटीही आली. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हासचे पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढले. पेटी दोन दिवसांनी उघडली तर आत राखाडी लगदा. वडील काही बोलले नाहीत. तो लगदा त्यांनी उन्हात पसरून ठेवला आणि आठवडाभर उलटसुलट करत राहिले. एकही पान सुटे झाले नाही. वरच्या फळीवर एक बिस्किटांचा डबा होता, तो तेवढा वाचला. त्यात अंक नव्हते, वर्गणीच्या पावत्या होत्या. कालकथित वडिलांनी जाण्यापूर्वी तो डबा आमच्या हाती दिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पावती मिळाली की तो ती तारखेप्रमाणे लावतो. लावल्या. पहिली काही वर्षे पावत्या सलग आहेत. मग एक वर्ष गळते, मग दोन. शेवटी शेवटी तर छापलेल्या स्मरणपत्राच्या कागदाचीच घडी आहे, पावती नाही. आजोबांना गिरणीत खाडे पडत होते, घरात सहा तोंडे होती, हे सर्व आम्हांस ठाऊक आहे. आम्ही त्यांना दोष देत नाही. परंतु अंक मात्र, वडील सांगत, येतच राहिले. म्हणजे ते कोणीतरी स्वतःच्या खर्चाने पाठवत होते.

आजोबांना सबब होती. आम्हांस नव्हती. १९९६ च्या सुमारास, आम्ही नोकरीत नुकतेच कायम झालो होतो तेव्हा, जवळच्याच शहरात आपल्या समाजातील एक निवृत्त रेल्वे कारकून पाक्षिक काढीत. घराच्या पुढच्या खोलीत ट्रेडल यंत्र, भिंतीला खिळ्यांच्या केसेस, आणि कंपोझिटर म्हणून त्यांची पत्नी. लग्नानंतर नवऱ्यापाशीच जुळणी शिकलेली. दिल्लीत त्याच वर्षी बी. एन. उनियाल नावाच्या पत्रकाराने लिहिले होते, की तीस वर्षांच्या व्यवसायात आपल्याला एकही दलित पत्रकार भेटला नाही. आम्ही त्या लेखावर दोन कॉलम लिहून या पाक्षिकात दिले, मोठ्या आवेशाने. त्या वेळी आमच्याकडे त्यांची एक वर्षाची वर्गणी थकली होती. पुढे तीन वर्षांची झाली. ते सायकलवरून अंक टाकावयास येत, ओट्यावर पाणी पीत, आणि जाताना एवढेच विचारत, "सर, पुढचा लेख कधी देताय?" पैशाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही, आणि त्यांनी काढला नाही म्हणून आम्हीही काढला नाही. २००१ मध्ये पाक्षिक बंद झाले. आम्ही वर्गात मुलांना सांगितले, की आपली पत्रे टिकत नाहीत कारण भांडवल आपल्या हाती नाही. हे विधान असत्य नव्हते. पण आम्ही त्याच्या आड उभे होतो.

जाहिरातीच्या त्या बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते स्वतः आता नाहीत. बाईंनी आम्हांस आवाजावरून ओळखले. आम्ही पाकीट पुढे केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाही, आधी आतून वही आणली. लांबट, लाल कापडी पाठीची. "थांबा, किती ते बघू द्या," म्हणाल्या. आमचे नाव होते, पुढे 'बाकी' आणि तीन वर्षांचा आकडा. त्याच पानावर आणखी नावे होती : एक डॉक्टर, दोन अभियंते, बँकेतले एक अधिकारी, आमच्याच संघटनेचे एक पदाधिकारी. बहुतेकांपुढे तोच शब्द. बाईंनी वहीतला आकडा बरोबर घेतला, वरचे पैसे परत केले आणि नावापुढे पेनने रेघ मारली. यंत्र भंगारात गेल्याचे त्यांनी सांगितले. खिळे मात्र शिशाचे असल्याने बरे पैसे आले. मुलगा मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. छापखान्याचे त्याला काही नको होते, आणि आम्ही त्याच्याजागी असतो तर आम्हांलाही नको झाले असते. वर्गणीदार पैसे देत नाहीत असा धंदा कोणता बाप मुलास देईल?

साप्ताहिकाचे ते मालक, दर्डांसारखी मोठी घराणी आणि आमच्या पाक्षिकाचे कारकून यांत एक साधा फरक आम्हांस त्या वहीमुळे दिसला. पहिल्या दोघांनी बाकी वसूल केली. विक्रेत्याकडून, जाहिरातदाराकडून, आणि कधी मतदाराकडूनही. आमच्या माणसाला ती मागण्याची लाज वाटली, आणि त्या लाजेला आम्ही ध्येयवाद म्हणालो.

तिसऱ्या दिवशी आम्ही मंडळात मत दिले : जाहिरात घ्यावी, इतर सर्वांना लावला तोच दर लावावा, साप्ताहिकाचे नाव मोठे छापावे, उमेदवाराचे छायाचित्र छापू नये. वकील विद्यार्थ्यास हे पटले नाही; त्याच्या मते पैसा घेतला की छायाचित्र न छापणे ही केवळ आपल्या मनाची समजूत. त्याचे म्हणणे आम्हांस पूर्णपणे खोडता आले नाही. मालकांनी मात्र निरोप पाठवला, की छायाचित्र नसेल तर जाहिरातीत अर्थ नाही. ते पान त्यामुळे गेले. कागदाच्या खर्चात जो खड्डा पडला, तो माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून बुजवण्याचे ठरले आहे, आणि हा मजकूर छापावयास जाईपर्यंत तो निम्माच बुजला आहे. ज्यांनी आकडा कळवला आहे परंतु रक्कम धाडलेली नाही, त्यांनी कार्यालयात आयु. खजिनदारांस भेटावे.

जाता जाता एक बातमी. वसतिगृहाची मुले गेल्या जूनपासून एक हस्तलिखित मासिक काढतात. पूर्वी ते भिंतीवर फुकट लागत असे. आता त्याच्या छायाप्रती काढतात आणि अंकास दोन रुपये पडतात. हिशेबाची वही आठवीतल्या एका मुलीकडे आहे. तिचे अक्षर सुरेख आहे आणि तिला मागण्याची लाज वाटत नाही. प्रार्थनेनंतर ती थकबाकीदारांची नावे मोठ्याने वाचते. परवाच्या यादीत दोन शिक्षक होते. आम्ही त्यांत नव्हतो, एवढे येथे नमूद करून ठेवतो.